शेजारच्या लाल गाडीचा रंग

आमच्या शेजारचे भाऊ हिंगण्याच्या कारखान्यात रंगकाम करून रिटायर झाले आणि मग आपल्या वीस वर्षं जुन्या लाल गाडीच्या मागे लागले. गाडी एवढीशीच, पण पळायला भारी तेज. रोज सकाळी अंगणात बॉनेट उघडून उभे. मी विचारलं, "झाली का जी?" की उत्तर ठरलेलं, "घाई काहून, वहिनी? गाडी का पळून जाऊन राहिली?" रंगाच्या बाबतीत मात्र माणूस मोठा मिजासखोर. म्हणायचे, "दुकानातली मशीन चुकते, माहा डोळा नाही चुकत." आणि खरंच सांगते, त्यांनी रंगवलेली जागा मला कधी शोधूनही सापडली नाही.

यंदा त्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हटलं, तर म्हणाले, "नाही चालवत. पण रंगवाले काय जाते?" दाराला पोचा आला होता. तो भरला, आठ दिवस घासला, हातानं चाचपून चाचपून रंग दिला. मग मला हाक मारली.

"पाहा जी वहिनी. जुळला नं?"

लाल दारावर हातभर नारंगी ठिगळ, रस्त्यावरूनही दिसेल असं. मी वाकून उगाच दाराची कड न्याहाळत राहिले. शेवटी म्हटलं, "जुळला जी. एकदम जुळला."

त्यांनी त्या जागेवरून एकदा तळहात फिरवला.

"तुम्हाले सांगाले उशीर लागला, वहिनी," ते म्हणाले, आणि रंगाच्या डब्याचं झाकण ठोकून ठोकून घट्ट बसवू लागले.