मॅकरेबुवांच्या घरची भेट

योनाकाका खंडारे एसटीतून निवृत्त झाले, पण त्यांच्या आवाजातला कंडक्टर अजून ड्यूटीवर आहे. एकतीस वर्षं अकोला-अमरावती केलेली. चर्च सुटल्यावर लोक दारात घुटमळले की मागून आरोळी येतेच, "चला, पुढं सरकाऽ, दार मोकळं करा!" ही आरोळी नाकातून काढायची आणि 'सरका' जरा ताणायचं, म्हणजे हुबेहूब जमते.

मागच्या वर्षी अमरावतीच्या त्यांच्या चर्चने तीन आठवड्यांसाठी दोन माणसं स्कॉटलंडला पाठवायची ठरवली. तिथली चर्चं ओस पडत चालली आहेत, लोकांशी बोलायला कोणी या, असं तिकडच्या मंडळीने कळवलं होतं. काकांच्या पणजोबांना बायबल वाचायला शिकवणारा पाद्री स्कॉटलंडचाच होता. त्यामुळे काकांनी आपलं नाव कोणाला न विचारता देऊन टाकलं.

काकू म्हणाल्या, "तुमाले इंग्रजी तरी येते काय?"

"काहून नाई येत? सेमाडोहले वाघ पाहाले जानारे फॉरेनर माह्याच गाडीत बसत. त्याईले कोन समजवे मंग?"

काकांची इच्छा एकच होती. येशूने आपल्याला कसं सावरलं, दारू कशी सुटली, हे सगळं एका तरी अनोळखी माणसाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावं. सोबत जाणाऱ्या प्रणालीने त्या साक्षीचं इंग्रजी करून दिलं. दहा मिनिटांचा मजकूर. काकांनी तो तिकिटाचे दर पाठ केल्यासारखा पाठ केला.

पण तिथे घरोघरी फिरताना पहिल्या वाक्यापुढे कोणी जाऊच देईना. एकाला वाटलं, इंटरनेटवाले आले. एक बाई म्हणाली, आजीनंतर आमच्या घरात कोणी चर्चला गेलं नाही आणि आमचं काही अडलंही नाही. काका म्हणाले, "अडलं नाई त चांगलंच हाय नं बाई, पन दोन मिंट ऐकून त घ्या." प्रणाली त्याचं इंग्रजी करेपर्यंत दार लागलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मॅकरे नावाच्या म्हाताऱ्याचं दार उघडलं. जन्मभर मासेमारीच्या बोटीवर काम केलेला गडी, आवाज खरखरीत. काका हे सांगताना त्यालाही वऱ्हाडीच बोलायला लावतात. "देव गिव नोका सांगू मले! माही बायको गेली तवा कुठी होता तुमचा देव?" आणि दार धाडकन बंद.

"चला काका, पुढचं घर," प्रणाली म्हणाली.

काका हलेनात. "कधी गेली म्हने त्याची बायको?"

"सहा वर्षं झाली म्हणाले."

"पाह्य बरं! मानसाच्या घरी मयत झाली, अन् आपन भेटीचं बोललोच नाई. दारात उभं राहून आपलंच सुरू केलं."

"सहा वर्षं झाली, काका!"

"आपल्याले त आज समजलं नं?"

आपल्याकडे मयतीला जाणं जमलं नाही तर माणूस सवडीने का होईना, भेटीला जातोच. तिथे जाऊन बसायचं, घरच्यांनी सांगितलं तर ऐकायचं. चहा घ्यायचा नाही, आपल्या कामाचं काढायचं नाही आणि निघताना 'येतो' म्हणायचं नाही.

दुसऱ्या दिवशी काका बायबल न घेता गेले. परतीचं विमान त्याच्या पुढच्या सकाळी होतं. प्रणालीने दारात सांगितलं, हे तुमच्या पत्नीसाठी आलेत. म्हातारा बघतच राहिला, मग बाजूला झाला. चहा आणला, काकांनी हात जोडून नको म्हटलं. काका खुर्चीवर बसून राहिले. शेवटी मॅकरेबुवांनीच तोंड उघडलं. बायको, तिचं दुखणं, दवाखान्यातले महिने, सगळं सांगितलं. प्रणाली हळू आवाजात मराठी करत होती आणि काका नुसते मान हलवत होते.

पाऊण तासाने म्हातारा म्हणाला, "माह्यं सांगून झालं. आता तुमचं सांगा. काय सांगाले आलते काल?"

प्रणालीने काकांना कोपर मारलं. पाठ केलेला सगळा मजकूर ओठांवर आला होता.

"आज नाई," काका म्हणाले. "आज मी तुमच्या बाईसाठी आलो."

"मंग उद्या या."

काका उठले आणि 'येतो' न म्हणता बाहेर पडले. मागे दारात उभ्या म्हाताऱ्याला विमानाचं प्रणालीनेच सांगितलं.

परत आल्यावर रविवारी पास्टर तायडेंनी त्यांना चर्चमध्ये पुढे बोलावलं. पास्टरांचा आवाज भरदार, प्रत्येक शब्द अलग. "सांगा. योनाभाऊ. किती जणांनी. ऐकलं?"

"एक मानूस ऐकाले तयार झालता. मीच नाई सांगतलं."

"का?"

"भेटीले गेलतो, पास्टर. तिथं आपलं कसं काढू?"

पास्टर 'आमेन' म्हणायला तोंड उघडून होते, ते तसंच मिटलं. काका बाकावर येऊन बसले. थोड्या वेळाने काकूंकडे कलले.

"लय दिवसानं ऐकाले बसलता बिचारा. मीच उठून आलो."

"पत्ता हाय नं त्याचा? मंग पत्र टाका."

"काय लिहू?"

"पयले तब्बेत इचारा. मंग तुमचं दारूचं सारं लिहा."

"अवं, दहा मिंटाचं हाय ते!"

"मंग मोठा कागद घ्या," काकू म्हणाल्या. "आता चूप बसा, पास्टर पाहून राह्यले."