चकतीतलं पीठ

सासूबाईंचा पितळी सोऱ्या दर दिवाळीत आमच्या इमारतीतल्या चार घरांत फिरे. शेवटी तो सुलभाकडे जाई, आणि परत येई तेव्हा चकलीच्या चकतीत पीठ हमखास अडकलेलं असे.

"धुतेस तरी का गं?" मी कुरकुरायचे.

"तुझ्याकडे सुई आहे ना," ती म्हणायची.

गेल्या वर्षी मी वैतागून तो तसाच माळ्यावर टाकला. यंदा श्रावणात सुलभा गेली.

परवा सोऱ्या काढला, तर चकतीतल्या चांदणीच्या कोपऱ्यांत तिचं पीठ वाळून बसलेलं. वस्तू पुढच्याला देताना आपण आधीच्या हाताच्या खुणा किती घासून काढतो. सुई घेतली आणि नुसतीच धरून बसले.

शेजारणींना चकती दाखवली. यंदा आमच्या तिन्ही घरांत चकल्या विकतच्या आल्या.