काळी चारचा मारवा

काकाजी दुकानात आले की आधी काउंटरशी उभे राहायचे. पिशवीतून झाकण तुटलेला टेप काढायचे, कॅसेट लावायचे आणि फिरत्या चकरीवर अलगद बोट टेकवायचे. बोट दाबलं की आवाज जाड व्हायचा, उचललं की पुन्हा पातळ. डोळे मिटून म्हणायचे, "आता आली पाहा काळी चारवर." काळी चार म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. त्यांची बायको त्याच पट्टीत गायची.

गोंदियाच्या बाजारात माझं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दोन हजार साल नुकतंच लागलं होतं. काकाजी कामठ्याचे, पोवारांच्या घरातले, धानाची शेती. तरुणपणी सायकल हाणत गोंदियाला गाणं शिकायला यायचे. लग्न झाल्यावर शिकलेलं सगळं बायकोला शिकवलं, आणि ती त्यांच्या पुढे निघून गेली. हे ते स्वतःच सांगायचे, काही हातचं न राखता. गावातले लोक चिडवायचे, "धानाच्या बांधावर कोन आयकते तुमचा मारवा?"

काकाजी म्हणायचे, "धान आयकते."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आधी पट्टी, मंग लय. भाव मागून येते आपोआप." माझ्या दुकानात दिवसभर सिनेमाची गाणी वाजत. कुठलंही गाणं कानावर पडलं की काकाजी त्याची पट्टी सांगून मोकळे, मग समोरच्या गिऱ्हाइकानं विचारलेलं असो वा नसो. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेलच. त्याला चहा पाजावासा वाटतो, आणि त्यानं आता घरी जावं असंही वाटतं.

कॅसेटची गोष्ट अशी. रेडिओला पाठवायची म्हणून त्यांनी बायकोचा मारवा घरीच भरला होता. ऐन वेळी लाइन गेली. आमच्याकडे ते रोजचंच. काकाजींनी टॉर्चमधले सेल काढून टेपात घातले, आणि ते सेल निम्मे मेलेले. गाणं भरता भरता टेपाची मोटर मंदावत गेली. त्यामुळे आता लाइनीवर लावलं की गाणं सुरुवातीला बरोबर असायचं, पण पुढे पुढे पळत सुटायचं. मारवा हा दिवस मावळतानाचा राग, जिवाला हुरहूर लावणारा. कॅसेट संपत येईपर्यंत त्याचं पार लग्नातलं गाणं व्हायचं, आणि बाईचा भारदस्त आवाज शाळकरी पोरीचा वाटायचा. मधूनच ठेका धरलेल्या काकाजींचा आवाज यायचा, "लय धर, लय धर," तोही चिरका. मला हसू यायचं. काकाजीही हसायचे.

ती कॅसेट रेडिओला गेलीच नाही. भरल्यावर थोड्याच दिवसांत बाई गेली. छातीचा आजार होता, तो फार उशिरा कळला. तिचा दुसरा आवाज घरात कुठेच नव्हता.

"भाऊ, पोराची माय जशी गायली, तशी मले एकडाव आयकाची आहे," ते म्हणायचे. "शेवटपर्यंत. काळी चारमंधी."

"बोट लावू लावू एक दिवस टेप खाऊन टाकाल काकाजी," मी खेकसायचो. शेवटी मीच मोटरीचा वेग कमी-जास्त करायला एक बटण बाहेर काढून दिलं. ते फिरवत बसायचे, पण हात कधी पुढे जायचा, कधी मागे, आणि सूर डुलत राहायचा. "नाही जमून राहिलं," म्हणत पिशवी उचलायचे. काही महिन्यांनी पुन्हा हजर. अशी वर्षं गेली.

पुढे कॅसेटींचा जमाना संपला, मी दुकानात कॉम्प्युटर घेतला. जुन्या कॅसेटींच्या सीडी करून द्यायचं काम येऊ लागलं. एका उन्हाळ्यात मी काकाजींची कॅसेट ठेवून घेतली आणि तुकड्या-तुकड्यानं वेग उतरवत सगळं गाणं काळी चारवर आणलं. वाटलं, आज म्हातारा खूश होईल. त्यांना बळंच खुर्चीवर बसवलं आणि मोठ्या स्पीकरवर लावलं.

काय आवाज होता त्या बाईचा! काकाजींची मान हलत होती. निम्मं गाणं झालं आणि ती हलायची थांबली. घाईत जे लपलं होतं ते आता ऐकू येत होतं. बाईला धाप लागली होती. ओळ संपायच्या आत श्वास तुटायचा, कसाबसा ती सूर गाठायची, आणि लवकर सुटावं म्हणून समेकडे जरा घाईनं जायला बघायची. तेवढ्यात काकाजींचा आवाज यायचा, आता त्यांचाच, जाड आणि कडक. "लय धर." की बाई पुन्हा सावकाश.

मी बंद करायला हात पुढे केला. "राहू द्या," ते म्हणाले. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"मले वाटलं, उगाच घाई करून राहिली," ते म्हणाले. "तिले सास घेता येत नव्हता, अन् मी लय पाहून राहिलो होतो. मान वर करून तिच्याकडे पाहाचं होतं ना भाऊ मी."

"तुम्हाला काय माहीत होतं काकाजी?"

"मले नाही तं कोनाले माहीत असाचं?"

सीडी त्यांच्यापुढे ठेवली, ती त्यांनी माझ्याकडे सरकवली. "हे तुमच्यापाशीच ठेवा. मले कॅसेट द्या. पळते तशी पळू द्या. तिच्यात पोराची माय थकत तं नाही."

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. पुढच्या वर्षी काकाजी गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला. तेरवीला मी कामठ्याला गेलो, सीडी पिशवीत घालून. म्हटलं, मुलाला द्यावी, आईचा खरा आवाज त्याच्याकडे असावा.

मांडवात पंगत बसली होती. मुलानं बापाची आवडती म्हणून तीच कॅसेट लावली होती आणि मारवा शेवटाकडे धावत होता. मुलगा माझ्याजवळ येऊन बसला.

"माय गेली तवा मी लहान होतो जी, मले चेहराबी नीट आठवत नाही," तो म्हणाला. "पन आवाजावरून वाटते, मोठी खुशीत गाऊन राहिली होती. नाही का?"

माझा हात पिशवीत होता. तो मी रिकामाच बाहेर काढला.

"हो," मी म्हणालो. "खुशीतच होती."