आपल्या बाया

अक्काला एका जागी स्वस्थ उभं राहताच यायचं नाही. फैजपूरजवळच्या एका केळीच्या पॅकिंग हाउसमध्ये मी हजेरी लिहायचो, तिथं ती फण्या धुवायच्या हौदावर होती. हात पाण्यात, पण पाय सारखे चाळवलेले. कोणाची पाठ धरलीय, कोणी डबा आणला नाही, सगळं तिला कळायचं. चिकानं काळी पडलेली बोटं नाचवत म्हणायची, "मले दिसलं की बोलनं पडते, बापू. नही बोललं तर जीव घाबरा होते."

बायांना पुरुषांपेक्षा मजुरी बरीच कमी होती. एका सकाळी कंटेनर दारात उभा असताना अक्कानं हौदातून हात बाहेर काढले. तिचं पाहून गावातल्या सगळ्याच बायांनी काढले. शेठ तिच्याच समाजातले. दुपारी ऊन चढलं, माल तापायला लागला, तसे ते नरमले. "शेवटी आपल्याच बाया आहेत," म्हणत त्यांनी मजुरी वाढवून दिली. त्या दिवशी अक्कानं सगळ्यांना भजी खाऊ घातली.

पुढच्या महिन्यापासून शेठनी सातपुड्यातल्या पावरा आदिवासी बाया आणायला सुरुवात केली. त्यांचा दर जुनाच. मला तो ठाऊक होता, पण "बोलायचं नाही" अशी शेठची ताकीद होती. मी बोललो नाही. नोकरी नवी होती, आणि खरं सांगायचं तर मला त्यात फारसं वावगंही वाटलं नव्हतं.

त्यांच्यातली रेमलीबाई अक्काच्या शेजारीच धुवायला असायची. अनवाणी यायची. एकदा अक्का तिला सहज म्हणाली, "इतकी मजुरी भेटते, एक चप्पल घे ना वं!" रेमलीबाईनं आपली मजुरी सांगितली. अक्कानं मग दिवसभरात एकेका पावरा बाईला तिची मजुरी विचारून घेतली.

दुसऱ्या दिवशी येताच ती शेठसमोर उभी राहिली.

"आमचं वाढवलं ते त्याइच्यातून काढलं का?"

"अक्का, तुम्ही आपल्या माणसांसाठी मागितलं, मी दिलं. ह्या कोण लागतात तुमच्या?"

"माह्या बरोबरीनं धुते ती. एकाच हौदात."

तिनं पुन्हा हात बाहेर काढले आणि गावातल्या बायांकडे पाहिलं. कोणीच काढले नाहीत. एक जण तर म्हणाली, "त्याइले डोंगरात तेवढं पुरते, अक्का. आपलं कशाले बिघडवता?" शेठनी अक्काला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. पावरा बाया तिच्या मागोमाग निघून गेल्या. ऐन हंगामात माल अडकला, तेव्हा शेठनी त्यांना बरोबरीची मजुरी कबूल करून परत बोलावलं. अक्काला बोलावलं नाही, आणि गावातल्या एकाही बाईनं तिचं नाव काढलं नाही.

मी नंतर नरडाण्याच्या एका कारखान्यात लागलो. मागच्या वर्षी फैजपूरच्या बसस्टँडवर अक्का भेटली. आता ती दुसरीकडे कामाला जात होती. गल्लीत हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, हे तिनं हसतच सांगितलं. मग एकदम थांबून तिनं विचारलं, "बापू, हजेरी तूच लिहायचा. तुले ठाऊक होतं ना?"

"हो."

"मग सांगितलं काबरं नही?"

तिची बस लागली होती. उत्तरासाठी ती पायरीवर एक पाय ठेवून थांबली. मागच्या माणसांनी गलका केला, तशी आत चढली. मी मात्र आपली बस सोडून बराच वेळ तिथंच उभा राहिलो.