डिस्कखालच्या नोंदी

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मध्ये तोंड घालणार नाही. धीर वगैरे देऊ नका. तो मला चालत नाही.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी शेती विभागात होते. कोणी कधी ऊस लावला याच्या नोंदपावत्या गावोगावच्या गट ऑफिसांतून आमच्याकडे यायच्या. त्या तारखांवर तोडणीचा क्रम ठरायचा. तारीख चुकली की माणूस कोयता घेऊन दारात येईल, असं ते काम. कारखान्याने कॉम्प्युटर घेतला आणि तो शिकायला पुण्याला पाठवलं मला. एकटीला. पुरुषांच्या त्या ऑफिसात ही काय गोष्ट होती, ते सांगत बसत नाही.

यंत्रात दोन डिस्क होत्या. पहिलीवर प्रोग्रॅम, दुसरीवर सगळ्या नोंदी. यंत्र संध्याकाळी बंद करायचो, आणि सकाळी चालू केलं तरी दुसरी डिस्क आपोआप जोडली जायची नाही. ती माउंट करावी लागायची — हुकूम टाइप करून, पासवर्ड घालून. पासवर्ड माझ्याकडे. म्हणजे मी येईपर्यंत सगळं ठप्प. लोक पावत्यांचे गठ्ठे घेऊन भिंतीला टेकून उभे असायचे. मी यायची, पर्स ठेवायची, सावकाश पाणी प्यायची — आणि मग बसायची. लक्षात येतंय ना?

मग शमशाद आली. हुपरीची. घरात सगळे पैंजणांचं काम करणारे, पगारी नोकरी करणारी ही पहिलीच. रोज एसटीने यायची. नेमणूक तात्पुरती होती, हंगाम सुरू झाला की कायम करणार होते. नोंदी भरायचं काम आम्हा दोघींचं. तिचा हात माझ्याहून वेगात चालायचा आणि चुका कमी. मला ती आवडत नव्हती. तिने माझं काय वाकडं केलं होतं? काही नाही. डब्यातलं मला द्यायची, ते मी खायची, आणि तरी आवडत नव्हती.

एकदा मला यायला उशीर झाला. शेती अधिकारी कमरेवर हात ठेवून उभे. "काय हो बाई, तुम्ही येईस्तोवर हे यंत्र काय पूजेला बसतंय व्हय?"

मी काही बोलायच्या आत शमशाद म्हणाली, "साहेब, पुस्तकात दिलंय की. यंत्र चालू हुताना जी फाइल वाचतंय, तिच्यात एक ओळ घातली की डिस्क आपली आपण माउंट हुतीय."

ते जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर दोन वर्षं पडून होतं. ती ते जेवणाच्या सुट्टीत वाचायची. ती ओळ मला माहीत नव्हती का? माहीत होती. पुण्यात पहिल्याच आठवड्यात शिकवली होती.

साहेबांनी तिथेच घालायला लावली. शमशादने पुस्तकातून वाचली, मी टाइप केली. साहेब म्हणाले, "झ्याक. आता बाई रजेवर गेल्या तरी आमचं काय अडत न्हाय." सगळे हसले. मीही हसले.

पंधरा दिवस डिस्क आपोआप जोडली जात होती. मग नणंदेच्या लग्नासाठी मला दोन दिवस गगनबावड्याला जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी ती फाइल उघडली आणि त्या ओळीच्या आधी एक खूण टाकली. एकच. त्या खुणेपुढची ओळ यंत्र वाचत नाही. मनात काय होतं? यंत्र अडेल, आरडाओरडा होईल, मी आल्यावर सगळे म्हणतील, बाईंशिवाय चालत नाही. एवढंच होतं. पण एवढंच करून मी थांबले असते तर आज तुमच्याशी बोलत नसते.

यंत्र अडलंच नाही. शमशाद त्या दिवशी एका नव्या गटाच्या पावत्या घेऊन बसली, आणि नव्या गटाची फाइल नसली तर प्रोग्रॅम ती स्वतः तयार करायचा. दुसरी डिस्क जिथे बसायची, तो पहिल्या डिस्कवरचा एक रिकामा कप्पा होता. डिस्क जोडलेली नव्हती, म्हणून दोन दिवसांच्या सगळ्या नोंदी त्या कप्प्यात जाऊन पडल्या. भरलेल्या प्रत्येक पावतीवर तिने नियमाप्रमाणे 'संगणकात नोंद' हा शिक्का मारला, खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी मी लवकर आले, यंत्र चालू केलं, हाताने डिस्क माउंट केली. मसाल्याच्या डब्यात वरची ताटली बसवली की तळाचं काही दिसत नाही — तसंच. नोंदी होत्या तिथेच होत्या, फक्त झाकल्या गेल्या.

दुपारी साहेबांनी त्या गटाची यादी मागवली. कोरा कागद बाहेर आला.

"हा शिक्का तुझाच न्हवं?"

"माझाच हाय, साहेब."

"मग नोंदी कुठं हायत? कुणासाठी दाबून ठेवल्यास पावत्या? कुणाची तारीख मागंपुढं करायची हुती?"

"भरल्यात वो साहेब. दोन दिवस मान मोडून भरल्यात." मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमी एकदा बघा की. तुमाला गावंल."

मला समजलं होतं. तो कोरा कागद पाहिला त्याच क्षणी समजलं होतं. डिस्क काढायची, कप्प्यातली फाइल बाजूला घ्यायची, डिस्क जोडायची, फाइल तिच्यावर ठेवायची. पाच मिनिटं. माझी खूण उघडी पडली असती — मी म्हणाले असते, चुकून झालं, कुणी अवाक्षर काढलं नसतं. मग काय आड आलं? भीती? नाही. तिने "तुमाला गावंल" म्हटलं, ते मला गोड लागलं.

मी म्हणाले, "मी बघितलं. काही नाही."

सगळे जेवायला गेले. मी डिस्क काढली. फाइल उघडून एकेक नोंद पावत्यांशी ताडून पाहिली — का पाहिली, कोण जाणे. एकही चूक नव्हती. मग ती पुसून टाकली.

दुसऱ्या दिवसापासून शमशादला येऊ नको म्हणून सांगितलं. शिक्का मारून नोंद दाबणारी, असं तिच्या नावावर लागलं, आणि आमच्या भागात कारखान्यातून अशी काढलेली बाई दुसऱ्या ऑफिसात कोण घेणार? कुणीच घेतली नाही. ती आता घरी डाख तापवून पैंजणांना घुंगरं जोडते. हे मला माहीत आहे, कारण मी माहिती काढली. भेटायला गेले नाही.

त्या पावत्या मी पुन्हा भरल्या. तीन दिवस लागले, आणि दोन तारखा चुकल्या.

त्या ओळीआधीची खूण मी काढली नाही. डिस्क आपोआप का जोडली जात नाही, असं साहेबांनी एकदा विचारलं. त्या मुलीने काहीतरी बिघडवून ठेवलंय, असं मी सांगितलं, आणि त्यांना ते पटलं. पुढची सहा वर्षं, यंत्र मोडीत निघेपर्यंत, रोज सकाळी मीच डिस्क माउंट केली. लोक गठ्ठे घेऊन उभे राहायचे. मी सावकाश पाणी प्यायची. आणि मला ते आवडायचं — अगदी शेवटच्या दिवसापर्यंत.