हॅमिल्टन उर्फ ब्रातिस्लाव्हा

युरोपात पाऊल न ठेवता तिथले रस्ते एवढे पाठ असलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे, हे मी कुणालाही छाती फुगवून सांगतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. डिग्री हातात आल्यापासून मी सहसा कुणापुढे दबत नाही. पण कॅनडात, नॉर्थ यॉर्कच्या काँडोतल्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरून, त्यावर वरणाचा थेंब पडू नये म्हणून स्वतः उभ्यानं जेवणाऱ्या भाऊजींपुढे मी कायम दबलो.

लिस्बनहून निघून बुडापेस्टपर्यंत त्यांना स्वतः गाडी चालवत जायचं होतं. का, ते विचारायची सोय नव्हती. "मेव्हणे, विमानात माणूस झोपतो आणि म्हणतो मी जाऊन आलो," एवढंच म्हणायचे. आधी कॅनडाचा पासपोर्ट येऊ दे, मग मुलीची युनिव्हर्सिटी होऊ दे, असं करत जाणं पुढे ढकललं जात होतं. पण भाऊजी काही थांबले नाहीत. त्यांनी तो प्रवास ऑन्टारिओतच सुरू करून टाकला. युरोपातल्या दोन गावांत जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावरचं इकडचं गाव शोधायचं आणि शनिवारी तिथवर गाडी हाकायची. ल्योन ते जिनिव्हा म्हणजे त्यांचं घर ते ओरिलिया. व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा म्हणजे त्यांचं घर ते हॅमिल्टन, आणि हॅमिल्टनला राहतो मी. त्यामुळे आमची बेल वाजली आणि बाहेरून "ब्रातिस्लाव्हा!" अशी आरोळी आली की बायको मुकाट्यानं चहाचं पाणी वाढवायची. चहा पिता पिता भाऊजी घड्याळ बघत. "आज सीमेवर फार वेळ गेला," म्हणत. सीमा म्हणजे वाटेतल्या ओकव्हिलचं ट्रॅफिक.

एकदा मी आणि भाचीही त्यांच्याबरोबर ओरिलियाला गेलो होतो. तिथल्या कॉफीच्या दुकानात काउंटरवरच्या पोरीला भाऊजींनी झुकून "बाँजूर" केलं. ती म्हणाली, "हाय, व्हॉट कॅन आय गेट यू?" भाची लाजून टेबलाखाली जायची बाकी होती. "बाबा, धिस इज ओरिलिया!" भाऊजी कप घेऊन शांतपणे वळले. "जिनिव्हात आजकाल इंग्रजी चालतं." आणि खरं सांगतो, परत येताना मला रस्त्यावरच्या पाट्या जरा फ्रेंच वाटायला लागल्या होत्या. एखाद्या माणसाचा विश्वास असा शेजारच्याला लागतो, हे मी कुठल्या वर्गात शिकलो नव्हतो.

युरोपात भाड्यानं मिळणाऱ्या गाड्या बहुतेक गिअरच्या असतात असं कळलं, तेव्हा जन्मात ऑटोमॅटिकशिवाय काही न चालवलेल्या या माणसानं कुठूनतरी एक गंजकी गिअरची गाडी आणली. पहिले काही आठवडे ती बेडकासारखी पुढे जायची. ताई मागच्या सीटवर छताला डोकं आपटत ओरडायची, "अहो, क्लच आहे तो! पायपुसणं नव्हे!"

अखेर पासपोर्ट आला. भाची नोकरीला लागली. आता तिकिटं काढायची, तर डोळ्यांच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. समोरचं नीट दिसत होतं, पण दोन्ही बाजूंची नजर अंधारत चालली होती. लायसन्स गेलं. त्या रविवारी मी गेलो, तर भाऊजी चक्क खुर्चीत बसून जेवत होते. टेबलावर नकाशा नव्हता. एवढं शिकून ऐन वेळी दोन शब्द सापडत नाहीत, याची लाज वाटली.

ताई तोवर ग्रोसरीच्या पलीकडे कधी गाडी घेऊन गेलेली नव्हती. हायवेचं नाव काढलं की तिच्या तळहाताला घाम फुटायचा. पोळी वाढता वाढता ती म्हणाली, "मी चालवते."

"तुला हायवे झेपत नाही," भाऊजी म्हणाले.

"आणि तुम्हाला तो दिसत नाही. मग कोण चालवणार, हा?" हा म्हणजे मी. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच म्हणाले, "नको. तूच चालव."

त्या हिवाळ्यात ती दोघं फावड्यानं बर्फ उपसून गंजकी गाडी बाहेर काढायची. भाऊजी ओरडायचे, ताई त्यांच्याहून मोठ्यानं ओरडायची, आणि गाडी बंद पडली की दोघं मिळून गाडीवर ओरडायची. उन्हाळ्यात दोघं लिस्बनला उतरली.

मधेच एकदा ताईचा फोन आला. जिनिव्हा मागे पडून डोंगर सुरू झाले होते.

"कुठवर पोचलात?" मी विचारलं.

"फार नाही रे. सारखी थांबतेय."

"गाडीला काही झालं?"

"गाडी छान आहे. यांना बाजूचं दिसत नाही ना. डोंगर डावीकडे आला की ते मान वळवतात, तोवर तो मागे जातो. मग मी जागा बघून रस्त्याच्या कडेला घेते आणि डोंगर बरोबर यांच्या काचेसमोर येईल अशी गाडीच वळवून उभी करते. मागचे हॉर्न देतात. देऊ देत."

"मग आज मिलानच्या मुक्कामाला उशीर होणार. भाऊजी रागावतील."

"रागावतायत कुठले? काचेला नाक लावून बसलेत," ताई हळूच म्हणाली. "थांब, आत्ताच ढग हटतोय."

तिनं फोन ठेवला नाही, नुसता बाजूला धरला असावा. मला वारा ऐकू येत होता, लांबून कुठल्यातरी गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. भाऊजींचा आवाज येईल म्हणून मी बराच वेळ कानाला फोन लावून उभा राहिलो.