तेरा नंबरचा खण

कमरेला बावीस कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा, म्हणून संग्रहालयात त्याला सगळे कपाटनाना म्हणत. एकतीस वर्षं पाखरांच्या अंड्यांजवळ शिपाई. काम एवढंच, की खण पुसायचे, कापूस बदलायचा आणि दोन मिनिटांत खण आत ढकलायचा. उजेडानं अंड्यांचा रंग उडतो, निळ्याचा तर फारच. नव्या माणसाला हा नियम दम देऊन शिकवायचा नानाच, आणि मोडायचाही नानाच.

त्याला एक पोरगी, ठमी. आई लवकर गेली, म्हणून शाळा सुटली की ती बापाकडं यायची आणि स्टुलावर चढून तेरा नंबरचा खण उघडायला लावायची. त्यात कस्तुर पाखराची एकाच घरट्यातली चार अंडी. निळीशार, वर मोजके काळे ठिपके.

“हे निळं, मग घुबडाचं पांढरं का हो?”

“घुबड दिवसभर झोपतं. रंगवणार कधी?”

ठमी शिकली, समुद्रापलीकडं नोकरीला गेली, तिथंच लग्न केलं. सात वर्षांत फिरकली नाही. रविवारी फोन यायचा. जेवलात का, गुडघा कसाय, ठेवते. ‘कधी येतेस’ हे नानाच्या तोंडून कधी निघालं नाही. ती ‘बघू’ म्हणाली असती, तर ते गिळायचं कसं? त्यापेक्षा दुपारी डबा खाताना तो चारांतलं एक अंडं खिडकीच्या कट्ट्यावर रुमालावर ठेवायचा आणि त्याच्याकडं बघत जेवायचा. रोज तेच एक.

पहारेकरी म्हणायचा, “उबवून झालं की पिल्लू मला द्या.”

“आधी स्वतःचं तोंड धुऊन ये.”

यंदा रंग मोजायचं यंत्र घेऊन एक संशोधक बाई आल्या. महिनाभर अंड्यांवर वाकलेल्या. ठमीचा प्रश्न नानानं त्यांना विचारून टाकला.

“ढोलीच्या अंधारात अंडं लपवायची गरज काय?” बाई म्हणाल्या. “म्हणून तिथली बहुतेक पांढरीच राहिली. उघड्या घरट्यात मात्र पिढ्यान्‌पिढ्या रंग टिकला. काही गाणाऱ्या पाखरांत दुसरीच मादी गुपचूप अंडं टाकून जाते. मग आई ठिपक्यांवरून आपलं कोणतं ते ओळखते.”

“आणि निळं?”

“त्यावर आमची अजून भांडणं चालू आहेत.”

मग तेरा नंबर निघाला. बाईंनी चारही अंडी मोजली, एक पुन्हा मोजलं, आणि खुर्ची मागं सारून उठल्या.

“नाना, हे बघा. बाकी तिन्हींपेक्षा हे कितीतरी फिकं. शेवटी घातलेलं असणार. तोवर आईकडचा रंग संपत आला असेल. हे छापायलाच हवं.”

नानानं कमरेच्या किल्ल्या चाचपल्या. गप्प बसलं की झालं. किल्ल्या कमरेला राहिल्या असत्या, दुपारही राहिली असती. पण बाईंनी वहीत ‘आई’ लिहून पुढं काहीतरी खरडायला घेतलं, आणि ते त्याला बघवेना.

“बाई, खोडा ते. तिचा रंग संपला नव्हता. मी उन्हात ठेवायचो.”

“किती वेळ?”

“जेवणाची सुट्टी. सात वर्षं, रविवार सोडून.”

बाईंनी यंत्रावरचे आकडे पुन्हा पाहिले. मग ओळ खोडली. “का ठेवायचात?”

“समोर कोणीतरी लागतं जेवताना.”

बाईंनी वर कळवलं, कळवावंच लागलं. साहेबांनी जुडगा काढून घेतला आणि नानाला तिकीट फाडायला फाटकावर बसवलं. तेरा नंबरच्या खणात चिठ्ठी आली: ‘एक अंडे उन्हाने फिकट.’

रविवारी फोन वाजला. जेवलात का, गुडघा कसाय.

“ठमे, तुझं एक अंडं मी नासवलं,” नाना म्हणाला. “उडाला रंग. तीन आहेत अजून.”

“काय केलंत हो?”

नानानं किल्ल्या चाचपायला कमरेवर हात नेला. तिथं नुसता पट्टा.

“ते राहू दे. तू कधी येतेस?”

‘बघू’ आलं, तर तेही ऐकायचं होतं. नानानं फोन कानाला तसाच धरून ठेवला.